बोटीवरचे डॉलर, घरातले रुपये: एका थर्ड इंजिनिअरच्या पगाराचं प्रकरण

रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा हा तरुण परदेशी झेंड्याच्या बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणाऱ्या बोटीवर) थर्ड इंजिनिअर आहे. पगार महिन्याला 3,900 डॉलर, पण बोटीवर असेल तेवढेच महिने. करार सहा महिन्यांचा, त्यात एखादा महिना मागेपुढे. साइन ऑफ होऊन (करार संपवून बोटीवरून उतरून) घरी आला की पुढची बोट मिळेपर्यंत कमाई शून्य. घरी बायको, चार वर्षांची मुलगी, आईवडील. शहरात घेतलेल्या फ्लॅटवर 35 लाखांचं कर्ज आहे, 8.75 टक्क्यांनी 20 वर्षांचं, म्हणजे हप्ता 30,930 रुपये. घरखर्च, विमा, वडिलांची औषधं सगळं धरून महिन्याला 75,000 रुपये लागतात, वर्षाचे 9 लाख. वर्षभराचे डॉलर रुपयांत मांडले तर 19-20 लाख होतात. म्हणजे निम्मी कमाई मागे पडायला हवी. प्रत्यक्षात फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच्या बायकोने पाटल्या गहाण टाकून 2 लाखांचं सोनेतारण कर्ज घेतलं होतं, आणि त्याच वेळी बोटीवर त्याच्या नावावर जवळजवळ 12,000 डॉलर पडून होते.

बोटीवर काम करणाऱ्यांची घरं आमच्याकडे गावोगाव आहेत आणि त्यांचे कागद गेली बरीच वर्षं माझ्याकडे येतात. डॉलर किती झाला, हा पहिला प्रश्न प्रत्येक जण विचारतो. परक्या चलनात पगार घेणाऱ्याने दराकडे सगळ्यात शेवटी बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी दिवस मोजावेत, मग खातं तपासावं, मग घराला रुपये किती आणि केव्हा लागतात ते लिहून काढावं. या घराने नेमकं उलट केलं होतं. ते कसं निस्तरलं ते इथे मांडतो. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

डॉलर अडकले कसे

6 ऑक्टोबर 2024 ला तो मुंबईहून उडाला आणि सिंगापूरला बोटीवर चढला. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तीन महिन्यांच्या पगारातून दर महिना 2,000 डॉलरची अलॉटमेंट, म्हणजे कंपनीने परस्पर पाठवायचा वाटा, घरी येत होती. बाकीचे कंपनीच्या हिशेबात साचत होते. जानेवारीत रुपया घसरायला लागला. 86, मग 87. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तर 88 ला टेकला. बोटीवर सगळ्यांचं ठरलं की 90 होणार, आत्ता पाठवणं म्हणजे नुकसान. त्याने जानेवारीपासून अलॉटमेंट बंद केली.

घरी मात्र कर्जाचा हप्ता 5 तारखेला कापला जातच होता. त्यातच गावात एक हापूसची बाग विकायला निघाली आणि जानेवारीत 2 लाख रुपये विसार म्हणून दिले गेले. डिसेंबरचे पैसे त्यात संपले आणि फेब्रुवारीत पाटल्या बाहेर निघाल्या.

कोकणात 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतात. या घरातल्या पैशाचं तसंच झालं होतं. पडतं भरपूर, साठवलेलं काही नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन 2006 नुसार पगार जास्तीत जास्त महिन्याच्या अंतराने मिळायला हवा, त्यातला वाटा घरच्यांना थेट पाठवण्याची सोय कंपनीने करायला हवी, त्यासाठीचं शुल्क वाजवी हवं आणि चलन बदलण्याचा दर खलाशाला तोट्याचा असता कामा नये. भारताने हा करार 2015 मध्ये मान्य केला. पैसे घरी पाठवता येणं हा खलाशाचा मोठ्या कष्टाने मिळवलेला हक्क आहे. दराच्या आशेने तो आपणहून थांबवणं मला फार खटकतं.

22 मार्चचा मेल

त्याची बायको माझ्याकडे आली ती सोनेतारणाचं विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "काका, एक चांगली बातमी पण आहे. त्यांना लवकर सोडतायत. कंपनीचा मेल आलाय, 22 मार्चला रिलीव्हर चढणार." रिलीव्हर म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस. घरी यायला एक-दोन दिवस धरले तर 25 मार्चच्या आत तो मुंबईत उतरला असता. मी तिला म्हटलं, "सोन्याचं नंतर बघू. आधी त्याला फोन लाव."

कारण असं. प्राप्तिकरात माणूस निवासी की अनिवासी हे 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात तो भारतात किती दिवस होता यावर ठरतं. नोकरीसाठी देशाबाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला 182 दिवसांची मर्यादा आहे. 182 किंवा जास्त दिवस भारतात काढले की तो निवासी, आणि सामान्य निवासी असेल तर जगभरातली कमाई करपात्र. भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर गेलं की आणखी नियम लागतात, पण याचं इथलं उत्पन्न बँकेच्या व्याजापुरतंच होतं.

आम्ही टेबलावर कॅलेंडर घेऊन दिवस मोजले. आधीच्या करारावरून तो 10 एप्रिल 2024 ला मुंबईत उतरला होता. म्हणजे एप्रिलचे पहिले 9 दिवस बाहेर. मग 7 ऑक्टोबरपासून 31 मार्चपर्यंत पूर्ण राहिला तर 176 दिवस. एकूण 185 दिवस बाहेर, 180 भारतात. उतरण्याचा आणि उडण्याचा दिवस मी भारतातलाच धरतो. त्यावर वाद घालता येतो, पण एकदोन दिवसांच्या फरकावर वर्षाचा पगार टांगून ठेवू नये. आता 25 मार्चला तो उतरला असता तर भारतातले दिवस 187 झाले असते. 31 मार्चला उतरला तरी 181, म्हणजे चालतं. 30 ला उतरला तर 182, संपलं.

भारतीय बंदरातून परदेशी निघणाऱ्या किंवा परदेशातून भारतीय बंदरात येणाऱ्या बोटीवर चढलेल्यांसाठी त्या वर्षी प्राप्तिकराचा नियम 126 लागू होता. त्यात सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोंदपुस्तकावरच्या) साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखा धरत. हा सिंगापूरला चढला होता, त्यामुळे पासपोर्टवरचे शिक्केच खरे. सीडीसीवर 6 महिने दिसतात म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

तो निवासी ठरला असता तर सुमारे 23,100 डॉलर, म्हणजे साडेएकोणीस लाख रुपये करपात्र झाले असते. नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट धरून 2024-25 चा कर उपकरासह 2 लाख 64 हजारांच्या आसपास गेला असता. परदेशी कंपनी टीडीएस कापत नाही, त्यामुळे आगाऊ कर न भरल्याचं व्याज वेगळं. आठ दिवस लवकर घरी येण्याची ही किंमत.

त्याने कॅप्टनला अर्ज दिला की वैयक्तिक कारणासाठी करार दहा दिवसांनी वाढवावा. कंपनीला रिलीव्हर पुढच्या बंदरात चढवणं तसंही सोयीचं होतं. 2 एप्रिल 2025 ला तो मुंबईत उतरला. मुलीचा वाढदिवस मार्चअखेर होता, तो हुकला, आणि त्याचं बायकोला वाईट वाटलं हेही इथे लिहायला हवं. असे निर्णय आकड्यांवर होतात, पण भोगावे घरातल्यांना लागतात. दिवसांचा हा हिशेब साइन ऑन करतानाच केला असता तर करार आठवडाभर आधी सुरू करता आला असता.

खातं

दुसरा घोळ जुना होता. अलॉटमेंट येत होती ती त्याच्या कॉलेजच्या काळातल्या साध्या बचत खात्यात. अनिवासी झाल्यावर साधं खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासीच्या इथल्या पैशासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं, ही परकी चलन कायद्याची बाजू झाली. कराची बाजू जास्त जाचक आहे. अनिवासी माणसाचं भारतात "प्राप्त" झालेलं उत्पन्न इथे करपात्र ठरतं. परदेशी पाण्यात केलेल्या कामाचा पगार थेट भारतातल्या खात्यात आला तर तो इथे प्राप्त झाला का? यावर वर्षानुवर्षं वाद चालला. 2014 मध्ये आग्र्याच्या न्यायाधिकरणाने खलाशाच्या बाजूने निकाल दिला, 2016 मध्ये कोलकात्याच्या न्यायाधिकरणाने विरुद्ध दिला. शेवटी एप्रिल 2017 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक क्रमांक 13 काढलं: परदेशी जाणाऱ्या बोटीवर, मग झेंडा भारतीय असो की परका, भारताबाहेर केलेल्या कामाचा अनिवासी खलाशाचा पगार केवळ भारतातल्या एनआरई खात्यात (अनिवासीने परदेशातली कमाई रुपयांत ठेवायच्या खात्यात) जमा झाला म्हणून करपात्र धरू नये.

परिपत्रकात शब्द "एनआरई खातं" असा आहे. साध्या बचत खात्याला त्याचं कवच नाही. याचे 6,000 डॉलर, म्हणजे साधारण 5 लाख रुपये, साध्या खात्यात आले होते. भांडता आलं असतं. पण हिशेब केला तर 5 लाखांतून 75,000 वजा जाता, 3 लाखांवरच्या सव्वा लाखावर 5 टक्के आणि उपकर, असा साडेसहा हजारांचा कर निघत होता. (तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम 87अ ची करसवलत फक्त निवासींना मिळायची, म्हणून शून्य झाला नाही.) साडेसहा हजारांसाठी नोटिशीची वाट बघत बसण्यात मला अर्थ दिसला नाही. विवरणपत्रात ते 5 लाख दाखवले, कर भरला आणि विषय मिटवला. मार्चपासूनचा सगळा पैसा नव्या एनआरई खात्यात.

एनआरई खातं उघडताना बायकोला "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीने जोडलं. जवळचा निवासी नातेवाईक असा जोडता येतो, पण खातेदार हयात असेपर्यंत तो मुखत्यार म्हणूनच व्यवहार करतो. हप्ता, फी, किराणा, विमा हे सगळं ती भरू शकते. त्याच्या वतीने कुणाला भेट म्हणून पैसे देणं तिला चालत नाही. हा मुद्दा पुढे बागेच्या वेळी आला. आणखी एक रोजची अडचण: बँकेत नोंदवलेलं सिम तो घरी ठेवून जातो, त्यामुळे ओटीपी बायकोच्या हातात आणि पासवर्ड त्याच्या. बोटीवर आता इंटरनेट बरं चालतं, म्हणून ओटीपी ईमेलवरही येईल अशी सोय बँकेकडून करून घेतली.

2,000 डॉलरमधले किती पोचतात

नोव्हेंबरच्या एका अलॉटमेंटची पावती तिने आणली होती. बाजारात डॉलर 84.05 होता. 2,000 डॉलरचे 1,68,100 व्हायला हवे होते. जमा झाले 1,63,884. या 4,216 रुपयांचं काय झालं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या बँकेने 25 डॉलर कापले, राहिले 1,975. इथल्या बँकेने 83.10 चा दर लावला, म्हणजे डॉलरमागे 95 पैसे स्वतःकडे ठेवले. चलन बदलण्याच्या सेवेवर 238 रुपये जीएसटी. एकूण अडीच टक्के गळती. मधल्या बँकेची कपात रकमेवर ठरत नाही, दर वेळी तेवढीच असते, म्हणून पैसे तीन वेळा पाठवले तर ती तीनदा जाते. आणि बँकेचा तक्त्यावरचा दर हा शेवटचा शब्द नसतो. रक्कम मोठी असेल तर शाखा बँकेच्या ट्रेझरीकडून (चलनाचे व्यवहार बघणाऱ्या विभागाकडून) चांगला दर मागवू शकते, पण विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

मार्चच्या सुरुवातीला साचलेल्यातले 6,000 डॉलर एकदम मागवले. बाजारभाव 87.20 होता, बँकेने 35 पैसे ठेवून 86.85 दिला. 25 डॉलरची कपात आणि 557 रुपये जीएसटी जाऊन 5,18,372 रुपये जमा झाले. गळती एक टक्क्याच्या आत. तिने स्वतः फोन करून हा दर मिळवला होता. त्या दिवशी पाटल्या सोडवल्या.

आता दराबद्दल, कारण त्याचा जीव त्यातच होता. मार्चअखेर रुपया सुधारून साडेपंच्याऐंशीवर आला, मेच्या सुरुवातीला काही काळ 84 च्याही खाली गेला, तेव्हा आमचा निर्णय शहाणपणाचा वाटला. डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने 90 ओलांडले, तेव्हा त्याचा मेसेज आला, "काका, थांबलो असतो तर?" थांबला असता तर नऊ महिने सोन्याच्या कर्जावर व्याज भरत आणि हप्त्यांसाठी उसनवार करत थांबला असता. दोन्ही वेळी आमच्या निर्णयाचा दराशी संबंध नव्हता. घराला त्या महिन्यात रुपये लागत होते म्हणून आणले.

सुट्टीतले सहा महिने

यापुढचं नियोजन साधं आहे. बोटीवर असताना दर दोन महिन्यांनी एकदा पैसे येतात. त्यातून चालू खर्च भागतो आणि सुट्टीच्या सहा महिन्यांचे साडेचार लाख एनआरई बचत खात्यात बाजूला राहतात. बचतीवर तेव्हा 3 टक्के मिळत होते म्हणून तो कुरकुरला, मुदत ठेव करू म्हणाला. पण एनआरई ठेवीची किमान मुदत एक वर्ष आहे आणि वर्षाच्या आत मोडली तर व्याजच मिळत नाही. सुट्टीत खायचे पैसे तिथे टाकता येत नाहीत.

उरलेल्या रकमेवर आमची बरीच चर्चा झाली. बँकेने त्याला एफसीएनआर ठेव सुचवली होती, डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2024 मध्ये या ठेवींवरच्या व्याजाची कमाल मर्यादा 31 मार्च 2025 पर्यंत वाढवली होती, त्यामुळे जाहिराती जोरात होत्या. मी नको म्हटलं. त्याची पुढची वीस-पंचवीस वर्षांची कमाई डॉलरमध्येच येणार आहे. खर्च सगळा रुपयांत आहे, मुलीचं शिक्षण इथे, म्हातारपण इथे. ज्याची कमाईच डॉलरवर उभी आहे त्याने शिल्लकही डॉलरमध्ये ठेवली तर एकाच बाजूला सगळं वजन पडतं. मुलांना परदेशी शिकवायचं ठरलेलं असेल त्याने जरूर ठेवावी. याच्यासाठी 8.75 टक्क्यांचं घरकर्ज फेडणं जास्त फायद्याचं होतं, कारण एनआरई ठेवीवर करमुक्त असले तरी 7 टक्क्यांच्या आसपासच मिळत होते. व्याजदर बदलता असल्याने मुदतीआधी फेडण्यावर दंडही नव्हता. साइन ऑफनंतर आलेल्या रकमेतून 2 लाख कर्जात भरले. जास्त भरू दिले नाहीत, कारण समोर परीक्षा होती.

क्लास टूची परीक्षा (सेकंड इंजिनिअर होण्यासाठीची) म्हणजे अभ्यास, कोर्स, तोंडी परीक्षा, आणि तोवर पगार नाही. त्याला भीती होती की अनिवासीपण जाईल. 2025-26 मध्ये ते टिकवायचं तर 29 सप्टेंबर 2025 च्या आत विमानात बसायला हवं होतं, आणि तेवढ्यात परीक्षा उरकण्यासारखी नव्हती. मी त्याला सांगितलं, घाई करू नकोस. त्या वर्षापासून निवासी व्यक्तीला नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाख. डिसेंबरच्या मध्याला बोटीवर चढला तर मार्चअखेरपर्यंत साडेतीन महिन्यांचे 13,650 डॉलर, म्हणजे 12 लाखांच्या आसपास. निवासी राहूनही कर शून्य. निवासी झाल्यावर परदेशी खातं किंवा मालमत्ता असल्यास ती विवरणपत्रात दाखवावी लागते, ती याच्याकडे नव्हती. अनिवासीपण हे साधन आहे, त्यासाठी परीक्षा पुढे ढकलणं मला पटत नाही. त्याने शांतपणे परीक्षा दिली.

बाग

राहिली हापूसची बाग. घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की पैसे त्याचे, म्हणजे नावही त्याचं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने मिळालेली चालते. सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या घराण्याचं नाव असलं तरी नवी खरेदी त्याच्या नावावर होत नाही, हे वडिलांना पटवायला दोन बैठका लागल्या.

मग वडील म्हणाले, "माझ्या नावावर घेऊ, पैसे तो परस्पर मालकाला देईल." ते शेतकरी आहेत, त्यांना घ्यायला अडचण नाही. अडचण पैशाच्या वाटेत आहे. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं म्हणजे बेनामी व्यवहाराचा प्रश्न येतो. आईवडिलांच्या नावाने घेण्याला 1988 च्या कायद्यात सूट आहे, पण पैसे देणाऱ्याचं नाव सहमालक म्हणून हवं, आणि अनिवासी असल्यामुळे तेच तर लावता येत नाही. सरळ मार्ग एकच: मुलाने वडिलांना पैसे खरोखर भेट द्यायचे. नातेवाईक असल्याने त्यावर कर नाही. मग वडिलांनी आपल्या पैशाने, आपल्या नावावर, आपल्या मालकीची बाग घ्यायची. बायकोला मुखत्यार म्हणून ही भेट पाठवता येत नव्हती, म्हणून त्याने स्वतः नेट बँकिंगवरून पैसे वडिलांच्या खात्यात टाकले आणि साधं भेटपत्र करून ठेवलं.

हे करण्याआधी मी त्याला एक गोष्ट दोनदा सांगितली. बाग वडिलांची झाली की ती वडिलांचीच. उद्या वारसाहक्काने त्यात पुण्याच्या भावाचा आणि लग्न झालेल्या बहिणीचाही वाटा येतो. "माझ्या डॉलरची बाग आहे" या वाक्याला कायद्यात जागा नाही. तो विचार करून हो म्हणाला. मे 2025 मध्ये, हंगाम संपता संपता, दस्त नोंदला. मृत्युपत्राचा विषय मी वडिलांकडे काढला आहे. भाऊ-बहीण गणपतीला घरी आले तेव्हा सगळ्यांसमोर बोलणं झालं, पण अजून काही लिहून झालेलं नाही.